लाल तेल आणि हिरवे तेल

यंत्राचा इतिहास सांगायला बसले की आपण शोध लावणाऱ्याचे नाव सांगतो, साल सांगतो आणि बहुधा तिथेच थांबतो. ते यंत्र पुढे बिघडले कशाने, सावरले कोणी, हा भाग पुस्तकांत फारसा येत नाही. आज मी ज्या फ्रेंच मोटारीची हकीकत सांगणार आहे, तिच्या बाबतीत नेमका हाच भाग मोलाचा आहे. ह्या मोटारीला पोलादी स्प्रिंगा नव्हत्या. ती तेलावर आणि वायूवर उभी राहत असे. आणि त्या तेलाच्या एका खोडीपायी ती पुरती बदनाम व्हायची वेळ आली होती.

मोटारीचे नाव डी. एस. 19. बनवणारी कंपनी सित्रोएन. फ्रेंच भाषेत ही दोन अक्षरे एका दमात म्हटली की ‘देएस’ असा उच्चार होतो, आणि त्या शब्दाचा अर्थ होतो देवी. 5 ऑक्टोबर 1955 रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ही देवी प्रथम लोकांपुढे आली. पहिल्या पंधरा मिनिटांत 743 गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि संध्याकाळपर्यंत आकडा 12,000 च्या घरात गेला, असे सांगतात. तिचे रूप फ्लामिनिओ बेर्तोनी ह्या इटालियन मूर्तिकाराने घडवले होते. एकंदर आखणी आंद्रे लफेव्र ह्या विमानविद्येत तयार झालेल्या इंजिनियराची होती. तिच्या रूपावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. मोठमोठ्या लेखकांनी लिहिले. तिच्या पोटातल्या तेलावर मात्र मिस्त्री लोकांनीच काय ते बोलावे, अशी रीत पडली.

आता स्प्रिंगा नव्हत्या म्हणजे काय, ते आधी पाहू. बैलगाडीत बसून खडकाळ वाटेने गेलेल्या माणसाला स्प्रिंगेची किंमत सांगावी लागत नाही. टांग्याला कमान आली, मालमोटारीला पाटे आले, आणि हाडे थोडी वाचली. पण पाट्यांची एक अडचण आपण रोज पाहतो. मालमोटार रिकामी असली की खड्ड्यातून टणाटण उडते, कारण पाटे ओझ्याच्या हिशेबाने ताठ केलेले असतात. तीच गाडी भरून आली की शांत चालते, पण बसते खाली. पाटे मऊ करावेत तर भरल्यावर गाडी जमिनीला टेकेल. ताठ करावेत तर रिकामी असताना प्रवाशाचे हाल. दोन्ही एकदम साधायचे कसे?

ह्या प्रश्नाला भिडलेला माणूस म्हणजे पॉल माजेस. शाळामास्तरांनी हे नाव मुलांना जरूर सांगावे. तो 1908 साली जन्मला आणि 1925 साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, सित्रोएन कंपनीत लागला. इंजिनियरची पदवी त्याच्यापाशी नव्हती. जे शिकला ते काम करता करता शिकला. कंपनीचे त्या वेळचे प्रमुख प्येर बुलांजे ह्यांनी त्याची चमक ओळखली आणि महायुद्धाच्या काळात, जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना, त्याला ह्या संशोधनावर बसवले. पुढे कारखान्यात त्याला लोक ‘प्रोफेसर’ म्हणत. बुलांजे 1950 साली मोटारीच्या अपघातात वारले. ही गाडी रस्त्यावर आलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

माजेसने विचार केला तो असा. सायकलचा पंप घ्या, तोंडाशी बोट घट्ट दाबा आणि दांडा आत ढकला. सुरुवातीला तो सहज जातो, मग जड जड होत जातो, आणि सोडला की उसळून मागे येतो. कोंडलेला वायू हीच एक स्प्रिंग आहे, आणि मोठी शहाणी स्प्रिंग आहे. ओझे वाढले की ती आपोआप ताठ होते. मग पोलाद हवे कशाला? त्याने प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा बसवला. गोळ्याच्या आत मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या वरच्या बाजूला दाबून भरलेला नत्रवायू, खालच्या बाजूला तेल. चाक उंचवट्यावर चढले की त्याच्या दांड्याला जोडलेला दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल पडद्याला ढकलते, पडदा वायूला दाबतो. चाक खाली आले की वायू सगळ्यांना परत ढकलतो. गोळ्याच्या गळ्याशी बारीक भोके ठेवली होती. तेल त्यांतून अडखळत जाई, त्यामुळे गाडी हेलकावे खात राहत नसे.

नत्रवायूच का, साधी हवा का नाही? कारण हवेत प्राणवायू असतो. तेलाशी त्याची गाठ पडली आणि वर दाब नि उष्णता असली, तर भडका उडण्याचे भय. शिवाय प्राणवायू रबर खातो. नत्रवायू ह्या दोन्ही बाबतींत निरुपद्रवी.

पण एवढ्याने अर्धेच काम झाले. ओझे आल्यावर गाडी खाली बसायची ती बसणारच. तेव्हा माजेसने पुढे आणि मागे एकेक झडप ठेवली. गाडी खाली बसू लागली की झडप उघडून आणखी तेल आत येते आणि गाडी पूर्वीच्या उंचीवर उचलली जाते. माणसे उतरली की जादा तेल टाकीत परत जाते. ही झडप मुद्दाम संथ ठेवलेली होती. प्रत्येक खड्ड्याला ती धावून गेली असती तर गाडी वेड्यासारखी नाचली असती. मागे चार पोती बटाटे टाका नाही तर एकटा माणूस बसवा, गाडी जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर. आपल्याकडे ट्रॅक्टरचा नांगर तेलाच्या दाबावर उचलला जातो, हे शेतकरी मंडळींना ठाऊक आहेच. तत्त्व तेच आहे. पास्कल ह्या फ्रेंच पंडिताने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेले: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. शाळेत इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या, एक लहान नि एक मोठी, रबरी नळीने जोडून पाणी भरले तर हे मुलांना हातांनी कळते. लहानीला बोटाने दाबा, मोठी वही-पुस्तके उचलील.

हे सर्व एकदम देवीच्या अंगी घालण्यापूर्वी कंपनीने 1954 साली आपल्या जुन्या धाटणीच्या सहा सिलिंडरच्या गाडीत, तेही फक्त मागच्या चाकांना, ते लावून पाहिले. पुढच्या वर्षीच्या नव्या गाडीत मात्र हात मोकळा सोडला. एक पंप, आणि त्याच्या दाबावर चारही चाकांची उचल; शिवाय ब्रेक त्यावर, स्टेअरिंग हलके करणे त्यावर, क्लच आणि गिअर बदलणेही त्यावर! दाबही थोडाथोडका नव्हे, चौरस सेंटिमीटरला साधारण 150 ते 175 किलो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दीड क्विंटलाचे ओझे.

लोकांना ह्या सगळ्याची मौज वाटली. रात्री उभी केलेली गाडी हळूहळू जमिनीकडे झुकत जाई; सकाळी इंजिन सुरू केले की बसलेल्या उंटासारखी आधी मागून नि मग पुढून उठे. चाक पंक्चर झाले तर जॅक फिरवत बसायचे कारण नाही. आत एक दांडी असे. ती वर केली की गाडी पूर्ण उंचीवर जाई. मग बाजूला एक टेकू लावायचा आणि दांडी खाली करायची. गाडी खाली बसू पाही, पण टेकू तिला बसू देत नसे, आणि चाकेच वर उचलली जात. मागचे मडगार्ड एकाच बोल्टाने धरलेले असे. तो काढला की मडगार्ड हातात. ही युक्ती मला तरी गाडीच्या रूपापेक्षा अधिक देखणी वाटते.

22 ऑगस्ट 1962 रोजी ह्या गाडीची फार कठीण परीक्षा झाली. फ्रान्सचे अध्यक्ष द गोल पत्नीसह पॅरिसहून विमानतळाकडे निघाले होते. पती-क्लामार नावाच्या ठिकाणी दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्या डी. एस.वर गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, काचा फुटल्या. तरीही चालकाने वेग कमी न करता गाडी सरळ काढून नेली आणि आतले सर्व जण बचावले. चालकाचे कसब मोठे होतेच. पण फुटक्या टायरांवरही गाडी भरकटली नाही, ह्याचे श्रेय पुष्कळांनी माजेसच्या गोळ्यांना दिले.

आता दुसरी बाजू.

गाडी बनत असताना कंपनीने कमालीची गुप्तता राखली होती. त्यामुळे झाले काय, की गिऱ्हाइकांच्या हाती नवलाची गाडी आली आणि त्याच वेळी गावोगावच्या गॅरेजवाल्यांच्याही हाती ती पहिल्यांदाच पडली. जन्मभर पाटे आणि केबली दुरुस्त केलेल्या मिस्त्रीने झाकण उघडले की समोर नळ्यांचे जाळे. कुठली नळी कुठे जाते? एक सांधा सैल पडला की दाब जाई. दाब गेला की गाडी बसे, गिअर पडेना, स्टेअरिंग जड होई. ब्रेकसाठी काही दाब राखून ठेवण्याची सोय होती, म्हणून अनर्थ टळत. पण रस्त्याच्या कडेला पोटावर बसलेली नवी कोरी डी. एस. आणि खाली तेलाचे लाल थारोळे, हे दृश्य त्या पहिल्या वर्षांत फ्रान्सला अपरिचित नव्हते. 1957 साली कंपनीने आय. डी. 19 नावाची तिची साधी बहीण काढली. तिच्यात गोळे तेच, पण क्लच नि गिअर नेहमीसारखे, हातापायांनी चालवायचे. ती स्वस्त होती, आणि मिस्त्रीला कमी घाबरवणारी होती.

गळती हा दोष उघड होता. सांधे सुधारले, मिस्त्री शिकले, ती कमी झाली. खरा शत्रू आत होता, आणि तो दिसत नव्हता. तो तेलातच होता.

सुरुवातीचे तेल वनस्पतीजन्य होते. त्या काळी ब्रेकमध्ये जे तेल घालत त्याच जातीचे. आणि त्या ब्रेकच्या तेलात पुष्कळदा मुख्य भाग आपल्या ओळखीच्या एरंडेलाचा असे. एरंडेल का? तर ते रबराला इजा करत नाही. खनिज तेल, म्हणजे इंजिनात घालतो ते, साध्या रबराला लागले की रबर फुगते नि मऊ पडते. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिनचे ऑईल ओतले गेले तर काय होते, ते कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. तेव्हा एरंडेलाच्या जातीचे तेल निवडण्यात चूक नव्हती. पुढे त्याच्या जागी रसायनशाळेत बनवलेले कृत्रिम तेल आले. पण ह्या दोन्ही तेलांना एकच खोड होती. ती हवेतले पाणी पीत.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तसेच हे. साध्या मोटारीच्या ब्रेकच्या तेलालाही ही खोड असतेच, पण तिथे तेल वाटीभर आणि हलते थोडे. देवीच्या टाकीचा प्रकार निराळा होता. गाडी उंच उचलली की टाकीतले बहुतेक तेल गोळ्यांत नि नळ्यांत जाई आणि टाकी जवळजवळ रिकामी होई; गाडी बसली की टाकी पुन्हा भरे. म्हणजे टाकी दररोज श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची ओली, धुळीची हवा आत येई आणि तेल तिच्यातले पाणी शोषून घेई.

बरे, पाणी गेले कुठे? जिथे जायला नको तिथेच. उंची राखणाऱ्या त्या झडपा, तो पंप, दाबाचे नियमन करणारे यंत्र, ह्यांत रबराच्या भरवशावर सगळे सोडलेले नव्हते. पोलादी दट्ट्या पोलादी भोकात इतका तंतोतंत बसवलेला असे, की दोहोंतले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावे लागे. पॅरिसजवळ आस्निएर इथे ह्या भागांसाठी कंपनीचा खास कारखाना होता. घड्याळजीच्या हाताचे काम मोटारीत आणले होते म्हणा ना! अशा ठिकाणी गंजाचा डाग पडायला वेळ लागत नाही, आणि एक डाग पडला की झडप अडकते किंवा झिजून गळते. वापरातली गाडी त्यातल्या त्यात बरी, कारण तेल फिरत राही. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी आतून कुजे. बाहेरून रंग चकचकीत, आणि आत हजारो फ्रँकांचे नुकसान.

ह्यावर उपाय शोधायला कंपनीला दहा-अकरा वर्षे लागली. हा विलंब मला फारसा नवलाचा वाटत नाही. तेल बदलणे म्हणजे नुसते तेल बदलणे नव्हते. पाणी न पिणारे तेल म्हणजे खनिज तेल. लोणच्यावर तेलाचा थर असला की ओल आत शिरत नाही, तसा त्याचा गुण. पण खनिज तेल साध्या रबराचा नाश करते. म्हणून गाडीतली प्रत्येक रबरी कडी, प्रत्येक पडदा, प्रत्येक लवचिक नळी निराळ्या, कृत्रिम रबराची करावी लागणार होती. तेवढे सगळे झाल्यावर 1966 च्या सप्टेंबरात, 1967 सालच्या गाड्यांसाठी, नवे खनिज तेल आले. अमेरिकेत ब्रेकच्या तेलाचे सरकारी नियम आडवे आल्यामुळे तिथे ते 1969 च्या जानेवारीपर्यंत वापरता आले नाही.

आता एक नवाच धोका उभा राहिला. रस्त्यावर दोन जातींच्या लाखो गाड्या, बाहेरून साधारण सारख्याच. जुनीत नवे तेल ओतले तर रबर फुगून बाद. नवीत जुने ओतले तरी रबराचा तसाच नाश. गावच्या गॅरेजात, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, घाईच्या वेळी डबा चुकणारच. कंपनीने ह्यावर जे केले ते फार शहाणपणाचे होते. जुने तेल लाल होते, म्हणून नवे हिरवेगार रंगवले. तेवढ्यावर न थांबता नव्या गाडीतले तेलाशी संबंध येणारे भागही हिरव्या रंगाने रंगवले. जुन्या गाडीतले काळे असत. डब्यावरची बारीक अक्षरे कोणी वाचो न वाचो, हिरव्या भागात हिरवे तेल, हे निरक्षर मदतनिसालाही कळते. हा रंगाचा डबा ज्या कोणा माणसाला सुचला, त्याला मी माजेसच्या शेजारी बसवीन.

हिरवे तेल आल्यावर गाडीची प्रकृती पालटली. त्या काळानंतरची सांभाळलेली गाडी आज पन्नास-साठ वर्षांनीही चालताना दिसते, आणि तिची निगा राखणे हे काही गूढ राहिलेले नाही. तीत मुख्य गोष्ट कान देण्याची. इंजिन चालू असताना बॉनेटखालून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. दाब पुरा झाला की पंपाला विसावा देणारे आणि कमी झाला की पुन्हा कामाला लावणारे जे यंत्र आहे, त्याचा तो आवाज. दोन टक्‌मध्ये बराच अवकाश असला तर ठीक. दर दोन-चार सेकंदांनी टक्‌टक् होऊ लागली, तर दाब साठवून ठेवणाऱ्या मुख्य गोळ्यातला नत्रवायू उडाला, किंवा कुठे तरी आतल्या आत गळती आहे. चाकांच्या गोळ्यांचेही तेच. रबरी पडद्यातून नत्रवायू वर्षानुवर्षे झिरपत राहतो; गाडी दगडासारखी ताठ चालू लागली की समजावे, वायू सरला. जुन्या धाटणीचे गोळे दोन वाट्या एकमेकींत बसवाव्या तसे असत. ते उघडून पडदा बदलता येई आणि पुन्हा वायू भरता येई. पुढे अखंड जोडलेले गोळे आले, ते काढायचे नि नवे बसवायचे.

टाकीतली जाळी काढून पेट्रोलने धुवावी लागते. तेल तपासायचे ते गाडी पूर्ण उंचीवर आणि इंजिन चालू ठेवून. बसलेल्या गाडीची टाकी भरलेली दिसते आणि फसवते. हिरवे तेल तपकिरी दिसू लागले की बदलायचे.

एक गोष्ट मात्र जीवाशी गाठ घालणारी आहे. तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या ह्या गाडीखाली, भक्कम टेकू दिल्यावाचून, कोणीही शिरता कामा नये. ती उंच उभी दिसते, पण एक नळी सैल केली की सबंध गाडी, टनाहून अधिक वजन, खाली येते. म्हणून जाणता मिस्त्री आधी दाब सोडणारा स्क्रू ढिला करतो, गाडीला आपल्या मनाने बसू देतो, तेल टाकीत परतल्याची खात्री करतो, आणि मगच गोळ्याला पान्हा लावतो. दाबाखालच्या नळीतून सुटलेली तेलाची बारीक धार कातडीत सुईसारखी शिरते; गळती बोटाने चाचपून शोधायची नसते.

ही गाडी 1975 च्या एप्रिलपर्यंत बनत राहिली. एकूण संख्या चौदा लाखांच्या वर गेली. रोल्स-रॉइससारख्या इंग्रज कंपनीने 1965 साली आपल्या गाडीची उंची राखण्यासाठी सित्रोएनचीच पद्धत परवाना घेऊन वापरली. सित्रोएनच्या पुढच्या गाड्यांत गोळे राहिले, हिरवे तेल राहिले. 2001 साली आलेल्या सी 5 गाडीत नारिंगी रंगाचे तिसरेच तेल आले, आणि 2017 साली त्या वंशातली शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

जुन्या लाल तेलाच्या गाड्या अजूनही थोड्या आहेत. काही मालक आतले सर्व रबर बदलून त्या हिरव्या तेलावर नेतात. काही जण गाडी जशी जन्मली तशीच ठेवायची म्हणून लाल तेल वारंवार बदलत बसतात. खर्चाचे नि चिकाटीचे काम आहे. आणि अशी गाडी दारात आली की मिस्त्री तेलाचा डबा उघडण्याआधी बॉनेट उघडतो आणि आतल्या नळ्यांचा रंग पाहतो.